नळीवरचा बारीक मजकूर

घरचे आरोग्य : करवीरकर

तारुण्यपिटिका हा शब्द जितका सुडौल आहे तितकाच फसवा आहे. कारण तो ऐकणाऱ्याची अशी समजूत करून देतो की, सोळाव्या वर्षी चेहऱ्यावर उठणाऱ्या या पुटकुळ्या विशी उलटली की आपण होऊन नाहीशा होतात, आणि तिशी-पस्तिशीतल्या एखाद्या गृहस्थाच्या वा गृहिणीच्या हनुवटीवर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा मुरूम उठलाच, तर तो त्यांच्या आहारातल्या अगर आचरणातल्या कोणत्या तरी दोषाचा दाखला असला पाहिजे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत या विकाराची गणना करताना त्याला मुखदूषिका असे नाव दिले, त्याची तुलना सावरीच्या काट्याशी केली आणि तो तरुणांना होतो असे सांगितले. काट्याची उपमा आजही नेमकी वाटते. वयाची मर्यादा मात्र ज्यांची त्वचा मुळात तेलकट आहे त्यांच्या बाबतीत टिकत नाही, आणि स्त्रियांमध्ये तर मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात जबड्याच्या कडेने असा एखादा मुरूम चाळिशीपर्यंत आणि त्यापुढेही हजेरी लावत राहतो.

याचे कारण अस्वच्छता नव्हे. त्वचेतल्या तैलग्रंथी संप्रेरकांच्या आज्ञेने तेल स्रवत असतात. रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून तिथे बूच बसले की ते तेल आत तुंबते, रोमकूपात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा जिवाणू त्यावर वाढतो, आणि शरीर त्याचा प्रतिकार करू लागले की लाली, सूज व पू ही लक्षणे दिसू लागतात. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांना लोक मळ समजतात आणि ते खरवडून काढतात. वास्तविक तो काळेपणा रोमकूपाच्या तोंडाशी साचलेल्या द्रव्याचा हवेशी संबंध आल्याने येतो, आणि कितीही घासले तरी त्याने बूच निघत नाही, त्वचा मात्र सोलवटते. दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने चेहरा धुणे पुरेसे आहे.

आमच्या कोल्हापुरात या तेलाला बाहेरचीही भर पडते. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या कारखान्यांत लेथवर आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या हातांवर आणि मांड्यांवर कटिंग ऑइलचे शिंतोडे बसून जे पुरळ उठते, ते चेहऱ्यावरच्या मुरुमाचेच भावंड असून त्यावरचा पहिला इलाज मलम नव्हे, तर तेलाने भिजलेले कपडे रोज बदलणे हा आहे. तालमीतल्या मालिशीचे तेल कपाळावर व पाठीवर तसेच राहू देणाऱ्यांची तक्रारही याच जातीची. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्या रसिकांना मी दुखावू इच्छित नाही. पण दूध आणि मुरूम यांचा काही संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे हे सांगणे भाग आहे, मात्र तो कार्यकारणभाव म्हणून सिद्ध झालेला नाही. तांबड्या रश्श्यावर जो आरोप घरोघर होतो, त्याला तर भक्कम पुरावाच नाही.

हे सारे लिहिण्याचे निमित्त मात्र निराळे आहे. गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षे एकतीस, माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उन्हात दिवसभर भाजल्यासारखा लालबुंद होता, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते, आणि जिथे पूर्वी एखादाच मुरूम येई तिथे मोहरीसारख्या पुटकुळ्यांची दाटी झाली होती. एका दुकानदाराने, कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी न मागता, केवळ "मुरुमावर काहीतरी द्या" एवढ्या शब्दांवर तिला एक नळी दिली होती आणि ती तिने तीन महिने इमानाने लावली होती. "मामा, पहिल्या चार दिवसांत चेहरा इतका छान झाला होता बघा," ती म्हणाली, "आणि आता एक दिवस नाही लावलं तर नुसती आग आग होते."

त्या नळीच्या कुशीवर, भिंगाखाली धरावे लागेल अशा अक्षरांत, बेटामेथासोन हा शब्द छापलेला होता. हे स्टेरॉइड आहे. इसबासारख्या योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरते, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरले तर ते मोठे उपकारक औषध आहे. परंतु चेहऱ्यावरच्या मुरुमावर लावले असता ते रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि सूज दडपून दोन दिवसांत जी निर्मळता दाखवते, ती पुढच्या काही आठवड्यांत त्वचा पातळ करून, नको तिथे केस उगवून आणि मुरुमांचे नवेच पीक आणून हिरावून घेते, आणि थांबवताच अशी जळजळ उठते की बिचारा रोगी पुन्हा त्याच नळीकडे वळतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला, आणि अखेर २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून १४ स्टेरॉइड मलमांना अनुसूची 'एच'मध्ये आणले, म्हणजे चिठ्ठीवाचून त्यांच्या विक्रीला मनाई केली. हुकूम चोख आहे. त्याचा अंमल किती होतो, हे माझ्या भाचीच्या चेहऱ्यावर मी वाचले.

मग अधूनमधून उठणाऱ्या एखाद्या मुरुमावर प्रौढ माणसाने लावावे तरी काय? माझी पहिली शिफारस बेंझॉइल पेरॉक्साइडची, आणि तीही २.५ टक्क्यांच्या जेलची. कारण ५ आणि १० टक्क्यांच्या तुलनेत ते गुणाला कमी पडत नाही आणि आग मात्र कमी करते, हे १९८०च्या दशकातच प्रयोगांनी दाखवून दिले आहे. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हा आपल्या मनात रुतलेला हिशेब इथे खोटा ठरतो. ते जिवाणूंचा थेट ऑक्सिजनने नाश करते, म्हणून प्रतिजैविकांप्रमाणे जिवाणू त्याला सरावत नाहीत. रात्री चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर, पातळ थर मुरुमावर आणि भोवतालच्या थोड्या जागेवर लावावा. सुरुवातीला एक दिवसाआड. एक सावधगिरी घरातल्या बायकांनी मला आवर्जून सांगायला लावली आहे, ती अशी की याने कापडाचा रंग उडतो, तेव्हा उशीला जुना पांढरा अभ्रा घालावा आणि रंगीत पदर दूर ठेवावा.

सूज नसलेल्या, बंद किंवा काळ्या तोंडाच्या पुटकुळ्यांवर २ टक्के सॅलिसिलिक आम्ल अधिक उपयोगी, कारण ते तेलात विरघळते आणि म्हणून तेलाने भरलेल्या रोमकूपात शिरून बूच सैल करते. गर्भवतीने कोणतेही मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. तिच्यासाठी पुष्कळदा अझेलाइक आम्ल निवडतात, आणि ते मुरुमामागे राहणारा काळा डागही उजळते. ॲडापॅलिन हे औषध उत्तम, पण ते ठिपक्यापुरते लावण्याचे नव्हे. दिसणाऱ्या मुरुमाची तयारी त्वचेत आधीच कित्येक आठवडे चाललेली असते आणि हे औषध त्या तयारीवर काम करते, त्यामुळे ते सबंध भागावर आठ ते बारा आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे लागते, आणि गरोदरपणी टाळावे लागते. क्लिंडामायसिनची नळी घराघरांत असते. ते प्रतिजैविक एकटे लावू नये, कारण जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

घरगुती उपचारांबद्दल मला आदर आहे. दुधात उगाळलेले जायफळ आजीने माझ्याही गालावर लावले होते, आणि लोध्र, धणे व वेखंड यांचा लेप शार्ङ्गधरसंहितेत तारुण्यपिटिकेवर सांगितलेला आहे. सौम्य लेपाने आग होत नसेल तर त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती लिंबाच्या रसाला, कारण तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते, आणि टूथपेस्टला, कारण ती दातांसाठी बनवलेली असून चेहऱ्यावर नुसती चुरचुर करते.

हरकत सर्वांत मोठी आहे ती नखांना. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाच्या त्वचेत मुरूम बहुधा आठवडाभरात बसतो, पण तो पिळल्याने वाढलेली सूज जो काळा डाग मागे ठेवते तो कित्येक महिने जात नाही. लोक माझ्याकडे मुरुमापेक्षा या डागाचीच तक्रार अधिक घेऊन येतात. फुटलेल्या मुरुमावर लावायची हायड्रोकोलॉइडची छोटी चकती आता दुकानांत मिळते. ती स्राव शोषून घेते आणि बोटांना तिथे जाऊ देत नाही, हा तिचा दुसरा गुण मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. मुरूम खोल, दुखरे व खड्डे पाडणारे असतील, किंवा पाळीच्या अनियमिततेबरोबर हनुवटीवर राठ केस येऊ लागले असतील, तर मात्र मलमांचा विचार सोडून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

भाचीचा चेहरा पूर्ववत व्हायला, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पाच महिने लागले. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की पैसे देण्यापूर्वी नळी उलटी करा, चष्मा लावा, आणि घटकांच्या यादीत बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले, तर ती नळी तिथेच दुकानदाराच्या हातात परत ठेवा.