विश्लेषण : ब्रेक दाबताच गाडी ओढते, थरथरते… दोष खरोखर ‘वाकलेल्या डिस्क’चाच असतो का?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज खरेदी केल्या आणि सुमारे ६५ कोटींचा हा व्यवहार देशभर गाजला. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी तिथेच होते. दुचाकींच्या डिस्क ब्रेकसाठी ओळखली जाणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज वाळूजची. तरीही या शहरात वेगवान गाडीचा ब्रेक बिघडला की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येते, ‘डिस्क वाकलीय, जोडी बदलावी लागेल.’ वाळूजच्या कारखान्यात तपासणी मायक्रॉनमध्ये चालते. जालना रोडवरच्या गॅरेजमध्ये तीच डिस्क बोट फिरवून नापास होते. न मोजता डिस्क बदलणे ही दुरुस्ती नाही, तो अंदाज आहे, आणि त्या अंदाजाचे पैसे ग्राहक मोजतो.

डिस्क खरेच वाकते का?

क्वचित. गणित सोपे आहे. दीड टन वजनाची गाडी समृद्धी महामार्गावरील कमाल १२० किलोमीटर वेगावरून थांबवली तर ब्रेकना सुमारे ८३० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. अडीच लिटर थंड पाणी उकळीला येईल एवढी ही उष्णता. (६० च्या वेगाला ती फक्त एक चतुर्थांश असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे काम चौपट होते, हे चालकांच्या सहसा ध्यानात येत नाही.) यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. आठ-नऊ किलोच्या बिडाच्या डिस्कचे तापमान एवढ्याने ७० अंशांच्या आसपास वाढते. बीड वाकायला हे कुठेच पुरेसे नाही.

मग थरथर येते कुठून? बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्याने. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पॅडच्या लेपाचा. ब्रेक लागताना पॅडचा अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड चांगली येण्यासाठी तो हवाच असतो. पण कन्नडचा औट्रम घाट सलग ब्रेक दाबत उतरून, खाली वाहतूक कोंडीत पेडलवर पाय रोवून गाडी उभी केली, की तापलेला पॅड एकाच जागी चिकटून ठसा सोडतो. पुढे प्रत्येक फेरीत तो ठसा पॅडखालून जाताना पकड वाढते आणि पेडल थरथरते. ठसा ताजा असेल तर तो निघतो. दुर्लक्ष झाले आणि त्या जागी धातू वारंवार ६५० अंशांच्या पुढे तापला, तर बिडात सिमेंटाइट हा कठीण घटक तयार होतो. तो खोलवर गेलेला असल्याने लेथवर वरवर कातूनही थरथर परत येते.

दुसरा मार्ग अधिक कपटी आहे. डिस्क ज्या हबवर बसते, त्याच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा किंवा खडा राहिला, किंवा टायरवाल्याने हवेच्या बंदुकीने चाकाचे बोल्ट कमी-जास्त आवळले, की डिस्क किंचित तिरकी बसते. तिरकेपणाची मर्यादा बहुतेक गाड्यांना मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, साधारण ०.०५ च्या आगेमागे. माणसाचा केसही बहुधा याहून जाड असतो. तिरकी डिस्क फिरताना, ब्रेक दाबलेला नसतानाही, प्रत्येक फेरीला एकाच ठिकाणी पॅडला घासते. ती जागा हळूहळू झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते.

इथेच ग्राहक फसतो. नवी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर बसवली की गाडी लगेच मऊसूत चालते. काम फत्ते झाले असे मालकाला वाटते, मेकॅनिकलाही तसेच वाटते. काही महिन्यांनी तक्रार परत आली की दोष ‘आपल्या रस्त्यांना’ दिला जातो. रस्ते वाईट आहेत यात शंका नाही, पण या गुन्ह्यात ते बऱ्याचदा निर्दोष असतात.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर?

थरथर आणि ओढ यांची कारणे वेगळी आहेत. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जात असेल तर डावा ब्रेक जास्त लागतोय, हा पहिला अंदाज. तो खरा असला तरी दोष बऱ्याचदा उजवीकडे असतो, कारण उजवा ब्रेक काम करत नाही म्हणून डावा जड वाटतो. कॅलिपर ज्या गाइड पिनांवर सरकतो त्या गंजल्या किंवा त्यांचे ग्रीस सुकले, की एकच पॅड डिस्कला नीट टेकतो. अशा वेळी आतला आणि बाहेरचा पॅड काढून शेजारी ठेवले तरी उत्तर दिसते, एक झिजून पत्रा झालेला आणि दुसरा जवळपास नवा. स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रकार अधिक आढळण्याचे कारण त्या वेगाने चालतात हे नसून त्या फारशा चालतच नाहीत, हे आहे. आठवड्यातून एकदा म्हैसमाळला जाऊन यायचे आणि उरलेले सहा दिवस, पावसाळ्यासकट, कव्हरखाली. वापर नसलेल्या पिना आणि पिस्टन हमखास अडकतात.

तपासायला इन्फ्रारेड तापमापक पुरतो. मोकळ्या रस्त्यावर नेहमीसारखे पाच-सहा ब्रेक मारून थांबावे आणि डाव्या-उजव्या डिस्कचे तापमान पाहावे. एकाच अक्षावरच्या दोन डिस्कमध्ये मोठी तफावत दिसली तर थंड बाजूचा ब्रेक लागत नाही किंवा गरम बाजूचा सुटत नाही. (करोनाकाळात कपाळासमोर धरायचो ती बंदूक इथे निरुपयोगी, तिची धाव तापापुरतीच. आणि डिस्कला हात तर अजिबात लावू नये.) चाक सुटतच नसेल तर मेकॅनिकने कॅलिपरचा ब्लीडर निपल जरा सैल करून पाहावा. ऑइलची धार येऊन चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता, म्हणजे संशय आतून फुगलेल्या रबरी होजवर जातो. तरीही चाक घट्ट राहिले तर पिस्टन किंवा पिन अडकली आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने अख्खा कॅलिपर बदलण्याचा खर्च वाचू शकतो.

याआधी टायरमधली हवा पाहावी. गाडी ब्रेक न लावताही ओढत असेल तर प्रश्न अलाइनमेंटचा किंवा टायरचा आहे. फक्त ब्रेक लावल्यावरच ओढते, पण दोन्ही डिस्कचे तापमान सारखे, असे असेल तर लोअर आर्मचे बुश बघावेत.

ब्रेक अचानक ‘चावतो’, त्याचे काय?

रात्री पाऊस झाला किंवा गाडी धुतली, की सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरीत आणि जास्त धारदार लागतात. डिस्कवरचा गंजाचा थर निघून गेला की ते थांबते. हा बिघाड नाही. दिवसभर तसेच राहिले तर पॅडवर ऑइल किंवा ग्रीस गेले आहे का, हे पाहावे. तेल प्यालेला पॅड धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवण्याची पद्धत धोकादायक आहे.

हौसेने बसवलेले रेसिंग पॅडही या यादीत येतात. ते ट्रॅकवरच्या तापमानासाठी बनवलेले असतात. क्रांती चौकातल्या सिग्नलपर्यंत ते तापतच नाहीत, म्हणून पेडल जोरात दाबावे लागते, आणि गरम झाले की तोच दाब भारी पडतो. पुढे एका बनावटीचे आणि मागे दुसऱ्या बनावटीचे पॅड असतील तर गाडीचा तोलही बिघडतो. शहरात रोज वापरायच्या गाडीला हे पॅड लावणे म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला बिघाड.

थांबण्याच्या शेवटच्या काही मीटरमध्ये, वेग दहाच्या खाली आल्यावर पेडल गुरगुरत असेल तर डिस्कला हातही लावू नये. चाकाच्या वेग-सेन्सरवर चिकटलेला धातूचा कीस किंवा चिरलेली सेन्सर रिंग एबीएसला फसवते आणि कोरड्या रस्त्यावर एबीएस विनाकारण जागे होते. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र पाहिले की खोटे बोलणारे चाक सापडते.

गॅरेजकडून काय मागायचे?

आकडे. डायल गेजवर गाडीतच मोजलेला डिस्कचा तिरकेपणा, मायक्रोमीटरने डिस्कच्या सात-आठ ठिकाणी मोजलेली जाडी आणि कंपनीने ठरवलेली किमान जाडी. हा शेवटचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेलाच असतो. दोन्ही उपकरणे काही हजार रुपयांत येतात. महागड्या गाड्यांची कामे घेणाऱ्या गॅरेजला ती परवडत नाहीत, हे पटणारे नाही.

अर्थात सगळा दोष गॅरेजवर ढकलणे अन्यायाचे होईल. ग्राहक डिस्कच्या जोडीचे बिल मुकाट भरतो, पण ‘तपासणी’ म्हणून पाचशे रुपये लावले की घासाघीस करतो. तासभर मोजमाप करून ‘डिस्क ठीक आहे, हब साफ केला’ असे सांगणारा मेकॅनिक त्या दिवशी तोट्यात जातो आणि न मोजता सुटा भाग विकणारा फायद्यात. निदानाचे पैसे वेगळे द्यायची तयारी ग्राहकाने दाखवली नाही, तर गॅरेजला मोजण्याचे कारण उरत नाही. जुनी वेगवान गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात आलेल्या तरुण मालकाला याचा फटका सर्वाधिक बसतो, कारण गाडी स्वस्तात मिळाली तरी डिस्कची किंमत नव्या गाडीचीच असते.

पॅड बदलले तर ते बसवून घेणेही कामाचाच भाग आहे. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावायचे आणि मग ब्रेक न वापरता काही अंतर गाडी चालवून ते थंड होऊ द्यायचे. त्याने लेप सारखा बसतो. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅड काढण्याआधी स्कॅनरने पिस्टन मागे घ्यावा लागतो. तो क्लॅम्पने रेटला तर मोटर जाते.

गाडी चालवत गॅरेजपर्यंत न्यायची की टो करायची, हेही लक्षणावर ठरते. नुसती थरथर असेल तर हळू चालवत नेता येते. पेडल मऊ पडून खाली जात असेल, एका चाकातून जळका वास येत असेल किंवा ब्रेक लावताच स्टिअरिंग हातातून हिसकले जात असेल, तर गाडी तिथेच उभी करून टोइंगवाल्याला बोलवावे.