सापडलं म्हणजे मिळालं का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर माझं नाव 'झारेकरीण' पडलंय. भाऊजींनी ठेवलं. नव्या पिढीला झारेकरी माहीत नसतील म्हणून सांगते, सोनारांच्या दुकानातली आणि दुकानापुढची माती गोळा करून, ती धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारी ही माणसं. नाशिकला माहेरी सराफबाजारात लहानपणी मी त्यांना पाहिलंय, सकाळी सकाळी उकिडवे बसून फरशीच्या फटी कुंच्याने झाडताना. त्यामुळे या नावाचा मला राग येत नाही. शिवाय माझ्या हातात खरोखरच झारा असतो! चार फुटी दांड्याचा, स्टीलचा, भोकाभोकांचा, बुंदीच्या झाऱ्याचा थोरला भाऊ म्हणावा असा. मशीन वाजलं की तो पायाने वाळूत दाबायचा, पाण्यातच हलवून वाळू गाळायची आणि खाली काय उरतं ते बघायचं.

तर मंडळी, नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी न्यू जर्सीत राहते आणि २०१६ पासून मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रात उतरते. म्हणजे गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात, त्यापुढे नाही. मला धड पोहता येत नाही, आणि नवऱ्याला तेवढं माहीत असलेलं पुरे. भल्या पहाटे, ओहोटीची वेळ बघून, लाइफगार्ड यायच्या आत जायचं. किनाऱ्याचं नाव लिहिणार नाही. या छंदातली माणसं जागा सांगत नाहीत, भाजीवाली जशी स्वस्त मालाचा ठेका सांगत नाही तशी.

सुरुवातीला स्वस्तातलं मशीन घेतलं होतं. ते कोरड्या वाळूत शहाण्यासारखं वागायचं आणि ओल्या वाळूत गेलं की वेड लागल्यासारखं किंचाळायचं. मला वाटलं फसवलं दुकानदाराने. पण दोष खाऱ्या पाण्याचा. मशीनची चकती चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत बारीक प्रवाह फिरतात, आणि त्यांचा प्रतिसाद म्हणजे आपल्याला ऐकू येणारा 'टूंऽऽ'. आता खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या मशीनला सगळा समुद्रच धातूचा वाटतो. समुद्रासाठी एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी मशीन्स लागतात, नाहीतर पल्स इंडक्शन नावाची, जी ठोका देऊन मधल्या शांततेत ऐकतात. ही दुसरी खोलवर ऐकतात, पण चांदी की खिळा यात फारसा भेद करत नाहीत. माझ्याकडे २०१८ पासून पहिल्या प्रकारातलं आहे.

आणि गंमत पुढेच आहे. मशीन पडद्यावर आकडा दाखवतं, त्यावरून धातूचा अंदाज करायचा. पण पाच सेंटचं निकेलचं नाणं, कोल्ड्रिंकच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि बायकांची नाजूक सोन्याची अंगठी, तिघांचे आकडे एकमेकांत मिसळलेले. कचरा नको म्हणून तो आकडा गाळून टाकलात तर सोनंही गाळलंत. म्हणून मी सगळं खणते. डब्यापासून सुटी निघणारी कडी १९७५ नंतर हळूहळू गेली, जोडून राहणारी आली, तरी त्या जुन्या कड्या मला अजून सापडतात. मासेमारीची शिशाची वजनं तर वाटीभर निघतात. ती परत पाण्यात टाकत नाही, तेवढं पुण्य. पेनी निघते ती कुरतडलेल्या बिस्किटासारखी, कारण १९८२ पासून तिच्या आत जस्तच असायचं आणि मीठ जस्ताला खातं. (२०२५ च्या नोव्हेंबरात चलनातल्या पेनी पाडणंच बंद झालं, पण समुद्रात साठा भरपूर आहे.) चांदी काळी पडून येते. सोनं मात्र वीस वर्षांनी काढलं तरी कालच दुकानातून आणल्यासारखं चकाकतं. झाऱ्यात ते पिवळं दिसलं की छातीत जे होतं ते मी लिहायला बसले तर लेख संपायचा नाही.

असो. भाऊजींचं म्हणणं असं, आणि गेल्या वर्षी सोनं औंसाला ४००० डॉलरच्या वर गेल्यापासून ते जरा जास्तच जोरात म्हणताहेत, की "वहिनी, समुद्राने दिलं ते आपलं. रत्नाकर म्हणतात त्याला."

मला हे मुळीच पटत नाही. आणि का पटत नाही ते मी इतकी वर्षं नीट सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागते.

त्याआधी रामकुंड. माझ्या लहानपणी गोदावरीत लोक नाणी टाकायचे आणि तिथली पोरं बुडी मारून ती काढायची. आता पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकतात. तेव्हाच्या ॲल्युमिनियमच्या पैशांना चुंबक चिकटला नसता, हल्लीची स्टीलची नाणी चिकटतात. माझी आजी नाणं टाकायची आणि ते काढायला उडी मारणाऱ्या पोराकडे कौतुकाने बघायची. तिने ते दिलेलं होतं, हातातून सोडलेलं होतं. गंगेला दिलं, पोराला मिळालं, हिशेब पुरा.

अंगठीचं तसं नसतं हो. ऑगस्टमध्येसुद्धा इथला समुद्र आपल्या गणपतीपुळ्यासारखा कोमट नसतो. गार पाण्यात बोटं आक्रसतात, वर सनस्क्रीन चोपडलेलं असतं, लाटेत पोराला सावरायला हात झटकला जातो आणि गेली. सोनं वाळूच्या कितीतरी पट जड, लाटांनी वाळू हलली की ते खाली खाली जात कठीण थरावर टेकतं. माणूस तासभर पायाने चाचपतो, मग गाडीत बसून गप्प घरी जातो. त्याने काही दिलेलं नाही कोणाला. आपली भाषासुद्धा अशी साळसूद की 'मला अंगठी सापडली' म्हणतो आपण. जशी काही अंगठीच चालत आली आणि मी नुसती उभी होते! नऊशे डॉलरचं मशीन घेऊन थंडीत कुडकुडत मी तिला शोधत होते हे त्या वाक्यात कुठेच नाही.

आता ती गोष्ट. २०१७ च्या सप्टेंबरात ओल्या वाळूच्या कडेला मला एक अंगठी सापडली. इथलं सोनं बहुतेक चौदा कॅरेटचं असतं, आत '१४के' किंवा '५८५' असा शिक्का. हिच्यावर '९१६' होतं. म्हणजे बावीस कॅरेट, म्हणजे बहुधा आपल्याकडचं कोणीतरी. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मला समुद्रासाठी चांगलं मशीन घ्यायचं होतं. तीन आठवडे ती अंगठी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मग ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात मोडली. त्यांनी वजन केलं, लायसन्सची कॉपी घेतली, सव्वाशे डॉलर दिले आणि चहा घेणार का विचारलं. शाकुंतलातल्या त्या कोळ्याची मला राहून राहून आठवण येते. बिचारा माशाच्या पोटात मिळालेली अंगठी विकायला गेला तर राजाच्या शिपायांनी मुसक्या बांधून नेला, कारण अंगठीवर नाव होतं. माझ्या अंगठीवरही होतं की! त्या काळच्या हॉलमार्कमध्ये बीआयएसचा त्रिकोण, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण आणि चौथी खूण सराफाची असायची. भिंगातून बघून, फोटो काढून चार लोकांना विचारलं असतं तर पेढीपर्यंत पोचता आलं असतं. मी भिंग हातातसुद्धा घेतलं नाही. बघितलं असतं तर विकता आली नसती, एवढं मला कळत होतं.

ती आता वितळून कोणाच्या तरी कानात असेल. हे दुरुस्त करता येत नाही.

यानंतर सात वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा एक '९१६' निघाली. या वेळी घरी आल्याबरोबर भिंग काढलं. २०२१ च्या जुलैपासून आपल्याकडे दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी येतो, प्रत्येक दागिन्याचा वेगळा. लेझरने कोरलेला असतो आणि इतका बारीक की माझ्या चष्म्याला दिसेना. शेवटी फोनच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचला आणि पुण्याच्या भाच्याला पाठवला. त्याने बीआयएसच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला, तर हॉलमार्क कोणी करून घेतला, दागिना कोणता, शुद्धता किती, सगळं समोर! हॉलमार्क करून घेणारा कधी कधी घाऊक व्यापारी असतो, मग पुढची वाट बंद. आमचं नशीब चांगलं, कोल्हापूरची एक पेढी निघाली. त्यांना फोन केला. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी कसली तरी फसवणूक करतेय, आणि त्यांचं बरोबरच होतं. गिऱ्हाइकाचं नाव ते देणार नाहीत म्हणाले, तेही बरोबर. माझा नंबर घेतला.

पाच आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला, शिकागोहून. मी आपली 'अभिनंदन' म्हणायच्या तयारीत. तर ती म्हणते, "काकू, थँक्यू, पण मी आईला सांगितलं नव्हतं हो!" झालं होतं असं की आजीची पाटली मोडून आईने ती अंगठी करून दिली होती. जुलैत मैत्रिणीकडे इकडे आली असताना समुद्रात गेली. घरी सांगितलंच नाही. बिल आईच्या नावावर, म्हणून पेढीने फोन केला आईला, "तुमची अंगठी अमेरिकेत समुद्रात सापडली आहे." पुढचं रामायण तिने मला पाऊण तास ऐकवलं. दोन महिने कोणालाच काही त्रास नव्हता, तो मी परोपकार करून निर्माण केला. :-)

विमा उतरवून अंगठी पाठवली. पोचल्याचा मेसेज आला, फोटो नाही. आईशी तिचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

भाऊजी यावर म्हणाले, "बघा! समुद्राकडेच राहिली असती तर बरं." नाही हो भाऊजी. ती चिडली असेल, पण ते चिडणं तिचं, अंगठी तिची, आजीची पाटली तिची. यातलं काहीच ठरवायचा अधिकार माझा नव्हता. २०१७ मध्ये मी तो परस्पर घेतला होता.

पण मला कोणी साध्वीही समजू नका. नाणी मी ठेवते, त्यांची बरणी आहे आणि वर्षाअखेरीला त्यातून पेट्रोलचासुद्धा खर्च निघत नाही. खूण नसलेली, झिजलेली, कुणाची ते कळायची सोय नाही अशी अंगठी सापडली तर गावच्या पोलिसांकडे कळवते आणि पुरेसा काळ कोणी आलं नाही तर माझी म्हणते. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही. हरवलेल्या अंगठ्या शोधून देणाऱ्यांची 'द रिंग फाइंडर्स' नावाची एक यादी इंटरनेटवर आहे, तिथले बरेच जण मालक खुशीने देईल ते घेतात. घ्यावेत की. पाण्यात चार तास उभं राहणं फुकट का? फक्त अंगठी हातात आल्यावर भाव ठरवू नये, हे मला फार हिडीस वाटतं.

आणि गुहागरला मशीन घेऊन या, आपण शोधू, असा ज्यांचा आग्रह चाललाय त्यांनी इंग्रजांनी १८७८ साली केलेला ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आधी वाचावा. त्यात दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं लिहिलंय. दहा रुपये! इथेही सगळीकडे मोकळं रान नाही. नॅशनल पार्कच्या हद्दीतल्या किनाऱ्यांवर डिटेक्टर साधारणपणे चालत नाही. लाँग बीच आयलंडवर २००७ साली समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकली, तर तिच्याबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळातला दारूगोळा आला! तेव्हा 'टूंऽऽ' ऐकून दर वेळी हुरळून जाऊ नये.

सध्या माझ्या स्टीलच्या डब्यात, पूर्वी चकल्या असायच्या त्यात, पाच वस्तू आहेत. त्यातली एक पुरुषाची अंगठी आहे, २०२३ च्या जूनमध्ये सापडलेली, आत दोन इंग्रजी अक्षरं आणि एक तारीख. कोणती ते इथे लिहीत नाही. तुमच्या ओळखीत त्या उन्हाळ्यात किंवा त्याआधी जर्सीच्या किनाऱ्यावर कोणाची अंगठी गेली असेल तर त्यांना मला लिहायला सांगा, आणि अक्षरं त्यांनीच सांगायची.