दुकानाची किल्ली आणि पुण्यातला भाचा

शनिवारी सकाळी मस्त उशिरापर्यंत लोळायचा बेत होता. साडेआठलाच जामनेरहून फोन. मामांच्या दुकानाशेजारचे आडते, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो.

"काय भो, उठला का? एक विचारायचं होतं. जळगावचा एक पोरगा येऊन राहिला आपल्याकडे. म्हणे चारही कॉम्प्युटर मी लांबूनच पाहतो, वर्षाचे पैसे एकदम द्या, तुम्हाला काही पाहायची गरज नाही. देऊन टाकू का?"

नाना पैशांबद्दल विचारत होते. मला मात्र वाटलं, ते दुकानाची किल्ली देऊन टाकू का असंच विचारतायत. म्हटलं, नाना, दुपारी सांगतो. दुपारी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. पण हे नानांसाठी कमी आणि तुमच्या-माझ्यासाठी जास्त आहे. कारण गावाकडचं दुकान, वडिलांचं ऑफिस, काकांचा दवाखाना, आत्याचे क्लासेस या सगळ्यांचे फुकट सिस्टीम अॅडमिन आपणच आहोत. आणि माझं म्हणणं असं की हे काम आपण अत्यंत बेजबाबदारपणे करतो.

पुरावा म्हणून पहिला आरोपी मीच.

२०२० चा लॉकडाऊन. मी पुण्यात अडकलेलो, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. मामांची कापूस आणि धान्याची खरेदी आहे. त्यांचा हिशेबाचा कॉम्प्युटर दर दोन दिवसांनी रुसायचा आणि दर वेळी मला फोन. कंटाळून एके रात्री मामेभावाला फोनवर एकेक पायरी सांगत राउटरची सेटिंग बदलून घेतली आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा केला. दुकानाला स्टॅटिक आयपी होताच. युजरनेम 'अॅडमिन', पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढे १२३. पुण्यातल्या खोलीतून जामनेरचा डेस्कटॉप दिसला तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो. मामा सगळ्यांना सांगत सुटले, भाचा पुण्यात बसून दुकान चालवतो.

डिसेंबर २०२१. कापसाचा ऐन हंगाम. सकाळी मुनीम अण्णांनी मशीन चालू केलं तर प्रत्येक फाइलच्या नावामागे एक अगम्य शेपूट, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. बॅकअपची डिस्कही गेली, कारण ती कायम मशीनला जोडलेली असायची. ती काढूच नका, आपोआप बॅकअप होईल, हेही मीच सांगितलं होतं. धड अशी एकच कॉपी उरली, दिवाळीला घरी आलो तेव्हा सहज माझ्या लॅपटॉपवर घेतलेली. म्हणजे पाच आठवडे जुनी.

ते पाच आठवडे कोणी वाचवले? अण्णांच्या हाताने लिहिलेल्या रोजमेळाने. अण्णांनी कॉम्प्युटर आला तरी वही सोडली नव्हती आणि आम्ही पोरं त्यांना हसायचो. अकरा रात्री तिघांनी बसून वहीतून सगळं पुन्हा भरलं. दोन शेतकऱ्यांच्या काटापट्ट्या काही केल्या मिळाल्या नाहीत. मामांनी ते सांगतील तो आकडा धरला आणि पैसे दिले. खंडणी दिली नाही.

मशीनवर जो थोडाफार लॉग उरला होता त्यात चुकलेल्या लॉगिनच्या ओळीच ओळी होत्या. कोणीतरी कित्येक दिवस पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं. 'कोणीतरी' म्हणजे माणूस नव्हे. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम असतात, ते दिवसरात्र हेच करतात. त्यांना जामनेर कुठे आहे हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. ते चोरायला येत नाहीत, अडवायला येतात. आणि तुमचा हिशेब जगात दुसऱ्या कोणाच्या कामाचा नसला तरी तुमच्या कामाचा असतो.

सगळे म्हणाले, व्हायरस आला. मी गप्प बसलो. खरं काय ते मामांना सांगायला पुढचा मे महिना उजाडला. मामा एवढंच म्हणाले, "दार उघडं ठेवलं होतं तर कडी लाव म्हणून सांगायचं ना रे." आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

आता मुद्द्यावर येतो. (नमनाला घडाभर तेल झालं, पण ते तेल माझंच होतं.)

आपल्या कंपनीच्या लॅपटॉपचं बघा. त्यावर एक एजंट बसलेला असतो. डिस्क भरत आली, अँटिव्हायरस बंद पडला, बॅकअप फसला, एखादं अपडेट राहिलं की आयटीवाल्यांच्या पडद्यावर लाल दिवा लागतो. ते लांबूनच स्क्रिप्ट चालवतात, गरज पडली तर तुम्हाला विचारून स्क्रीन घेतात. लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा कोड लागतो. कोण कधी आत आलं याची नोंद राहते. मीटिंगच्या मध्येच लॅपटॉप रीस्टार्ट मागतो म्हणून आपण शिव्या घालतो, पण हे सगळं का आहे ते आपल्याला नीट ठाऊक असतं. वॉनाक्रायला अटकाव करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. हल्ला झाला १२ मेला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांच्या मशीनची वेळच्या वेळी देखभाल होत होती ते त्यातून वाचले.

आणि हेच आपण गावी जाऊन काय करतो? एखादं फुकट रिमोट टूल टाकतो. बहुधा ते 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असतं, तरी दुकानात टाकतो. कायमचा पासवर्ड सेट करतो, तो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि विसरून जातो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे वाक्य ऑफिसात कोणी म्हटलं तर आपण त्याला अडाणी ठरवू. घरच्या दुकानाबद्दल आपण स्वतःच ते म्हणतो. ज्या हिशेबावर आपल्या इंजिनिअरिंगची फी भरली गेली, त्या हिशेबाला आपण ऑफिसच्या टेस्ट मशीनइतकीही किंमत देत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: लांबून देखभाल करणारं सॉफ्टवेअर हवंच. जामनेरसारख्या गावात बिघाड झाला की जळगावहून माणूस यायला अर्धा दिवस जातो आणि हंगामात अर्धा दिवस म्हणजे दाराशी ट्रॅक्टरची रांग. शिवाय माणूस बिघाड झाल्यावर येतो. बॅकअप तीन आठवडे होतच नाहीये हे त्याला कोण सांगणार? आमच्याकडे असा एक एजंट असता तर चुकलेल्या लॉगिनची रांग पहिल्याच दिवशी दिसली असती.

पण दुसरी गोष्ट पहिलीइतकीच खरी आहे. या एजंटला मशीनवरचे जवळजवळ सगळे अधिकार असतात. नसतील तर तो काम करूच शकत नाही. म्हणजे ज्याच्या हातात मधला सर्व्हर, त्याच्या हातात सगळी मशीन.

२ जुलै २०२१ ला हे जगाने पाहिलं. कसेया नावाच्या अमेरिकन कंपनीचं व्हीएसए हे अशाच देखभालीचं सॉफ्टवेअर. आरईव्हिल टोळीने त्यातल्या त्रुटीतून ग्राहकांचे सर्व्हर गाठले आणि अपडेटच्या नावाखाली रॅन्समवेअर खाली ढकललं. थेट फटका बसलेले ग्राहक साठाहून कमी होते. पण त्यातले बरेचसे दुसऱ्यांची मशीन सांभाळणारे होते, त्यामुळे त्यांच्यामागचे आठशे ते दीड हजार छोटे-मोठे धंदे अडकले. स्वीडनमध्ये कूप या साखळीला आपल्या सुमारे ८०० दुकानांपैकी बहुतेक बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची मशीन चालेनात. गंमत म्हणजे कूप स्वतः कसेयाची ग्राहक नव्हतीच. तिच्या पुरवठादाराकडे ते सॉफ्टवेअर होतं. आणि एजंटच्या फोल्डरकडे अँटिव्हायरसने बघू नये, अशी सेटिंग ठेवण्याची शिफारसही असायची. रखवालदाराला आपणच सांगून ठेवलेलं, हा आपला माणूस आहे, याला अडवू नको.

हे स्वीडनमध्ये झालं म्हणून सोडून देऊ नका. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या आला तेव्हा आपल्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आणि ३१ जुलै २०२४ ला सी-एज या एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला झाला म्हणून देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार एनपीसीआयने तोडून ठेवले होते. ते दुसऱ्या दिवशी सुरळीत झाले. यांतली दोन्ही उदाहरणं देखभालीच्या सॉफ्टवेअरची नाहीत हे मान्य. पण रोग तोच आहे. किल्ली एकाकडे, कुलपं शेकडो.

जगातल्या मोठ्या कंपनीचं हे होत असेल, तर जळगावच्या त्या पोराचं काय? त्याच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, तो मेहनती असेल. पण मी असे सेटअप पाहिलेत जिथे पन्नास ग्राहकांना एकच पासवर्ड आहे, तो सोडून गेलेल्या तीन पोरांच्या फोनमध्ये अजून आहे, आणि कोण कधी आत आलं याची नोंद कुठेच नाही. रिमोट टूल्सचा वापर करून लोकांची खाती रिकामी करतात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ते टूल वाईट होतं म्हणून नाही. चावी कोणाच्याही हातात देण्याची आपली सवय वाईट होती म्हणून.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "विश्वासाचा माणूस आहे." अहो, असेलच. पण जामनेरच्या बाजारात धंदा नुसत्या विश्वासावर चालतो का? बाजार समितीत माल मोजायला परवाना असलेला मापाडी असतो, तो ना शेतकऱ्याचा ना व्यापाऱ्याचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी तपासणी होऊन शिक्का बसतो. काटापट्टी दोघांना मिळते. यात कोणी कोणाला चोर म्हणत नाही. उलट या सगळ्यामुळेच विश्वास टिकतो. मग कॉम्प्युटरच्या बाबतीत 'नोंद दाखव' म्हटलं की अपमान कसा होतो?

म्हणून नानांना मी पाच प्रश्न लिहून दिले. तुम्हीही वापरा.

१. मुख्य खातं कोणाच्या नावावर? ते मालकाच्या नावावर हवं आणि तुझा प्रवेश मला आज संध्याकाळी बंद करता यायला हवा.
२. तुझ्याकडच्या प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं आहे का, आणि त्याला मोबाइलवरचा दुसरा कोड लागतो का?
३. महिन्याला मला यादी देशील का, कोण कधी आत आलं आणि काय केलं?
४. बॅकअपची एक कॉपी मशीनपासून तोडून ठेवलेली आहे का? आणि ती परत भरून शेवटची कधी पाहिलीस?
५. करार संपला की काय काय काढून टाकशील?

चौथ्यातला दुसरा अर्धा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कधीही परत भरून न पाहिलेला बॅकअप म्हणजे बॅकअप असल्याची समजूत. बाकी, सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हे नानांना ठाऊक नसलं तर चालेल. सेवा विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने दुसरा धंदा बघावा.

नानांनी मध्येच हळूच विचारलं, "पोरं दिवसभर काय पाहतात ते पण दिसेल का त्यात?" मी म्हटलं, दिसेल, पण त्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. मशीनची तब्येत बघायचं साधन माणसावर पाळत ठेवायला वापरलं, की कामावरची पोरंच पहिली संधी मिळताच ते बंद करतील.

संध्याकाळी नानांचा पुन्हा फोन. पोराने पहिल्या दोन प्रश्नांना हो म्हटलं. तिसऱ्याला म्हणाला, "नाना, विश्वास नाही का?" नाना म्हणाले, "बापा, मी माझ्या काट्याला पण दरवर्षी शिक्का मारून घेतो." पोराने आठवडा मागून घेतलाय. यादी घेऊन आला तर नाना त्याला काम देणार आहेत, आणि द्यावंच.

असो. हे सगळं लिहून झाल्यावर सहज मामांच्या मशीनची युजर लिस्ट तपासून घेतली. मामेभावाने फोटो पाठवला. त्या डिसेंबरात मशीन पुन्हा उभं करताना घाईत बनवलेलं माझ्या नावाचं एक अॅडमिन खातं अजून चालू आहे. पासवर्ड मला आठवतही नाही. मामांना फोन करून सांगितलंय, उद्या सकाळी आधी ते काढायचं, मग चहा.