खुंट कोणता, ते आधी सांगा

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत व सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाट ठेवून वाइन विकण्यास मुभा द्यावी, असा तो निर्णय होता. त्याचे समर्थन एकाच वाक्यात झाले: यात द्राक्ष बागाईतदाराचे हित आहे. या निर्णयाविरुद्धचा मोठा आवाज आपल्याच नगर जिल्ह्यातून उठला, ज्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी बेमुदत उपोषणाची घोषणा केली. पुढे गावाच्या ग्रामसभेने विनंती केल्यावर उपोषण स्थगित झाले, सरकारने जनतेच्या हरकती व सूचना मागविल्या, आणि हा निर्णय अमलात येऊ शकला नाही.

वाद तात्पुरता शमला. पण त्यातली दोन वाक्ये आजही आपल्या धर्मग्रामांच्या अंगणांत ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘वाइन म्हणजे दारू नव्हे.’ दुसरा म्हणतो, ‘वाइन म्हणजे दारूच, आणि तीही परक्यांची.’ या दुसऱ्या वाक्याबरोबर काही नजरा आपल्याकडे वळतात, कारण ज्या वेदीपुढे आपण गुडघे टेकतो तिच्यावर द्राक्षारस असतो. म्हणून या विषयावर मौन पाळण्याची सोय आपल्याला नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की हे दोन्ही पक्ष द्राक्षवेलीविषयी बोलतात, परंतु वेलीकडे पाहात नाहीत.

पहिल्या वाक्याचा समाचार आधी घेऊ. द्राक्षाच्या रसातील साखरेचे किण्वाने मद्यार्कात रूपांतर केले, की वाइन तयार होते. तिच्या शंभर भागांत साधारणपणे बारा ते चौदा भाग मद्यार्क असतो. तिला दारू म्हणू नका, हा आग्रह शब्दांचा खेळ आहे. ज्या घरात बापाची मजुरी शनिवारच्या संध्याकाळीच संपते, त्या घरातील माउलीला हा खेळ ऐकवण्याचे धाडस आम्हाला होत नाही. आपल्या वाड्या-वस्त्यांनी हातभट्टीचे दुःख पाहिले आहे. राळेगणसिद्धीने गावातल्या भट्ट्या बंद केल्या, तेव्हा त्यामागे केवळ एक पुढारी नव्हता, गावातील बायाबापड्यांचे अश्रूही होते. तेल, मीठ, साबण घ्यायला गेलेल्या पोराच्या हाताला लागेल अशा कपाटात मद्य ठेवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ‘आमच्या धर्मात द्राक्षारस पवित्र आहे’ ही ढाल जे पिण्याच्या सवयीपुढे धरतात, त्यांच्याही बाजूला आम्ही नाही.

परंतु ज्या कारणाची जाहिरात झाली त्या शेतकऱ्याच्या हिताचे काय? येथेच आमचा खरा आक्षेप आहे. हे हित सांगणाऱ्यांनी असे गृहीत धरले आहे, की द्राक्ष म्हणजे द्राक्ष. बाजारात भाव पडला की उरलेला माल वाइनच्या टाकीत गेला आणि बागाईतदार तरला. ज्याने बागेत एक हंगाम काढला आहे, तो हे ऐकून हसेल.

आपल्याकडे मांडवावर पिकते ते बहुतांशी खाण्याचे द्राक्ष. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या जाती या बिनबियांच्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, मग विरळणी, मग मणी फुगावा म्हणून जीएच्या द्रावणात घड बुडविणे, ही सारी मेहनत मणी मोठा, लांबट, पातळ सालीचा व देखणा व्हावा यासाठी. वाइनला नेमके याच्या उलट हवे असते. तिचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीत असतो. म्हणून मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक पडते. कॅबरने सोव्हिन्यों, शिराझ, सोव्हिन्यों ब्लांक, शेनिन ब्लांक या जाती निराळ्या, त्यांना आधार देण्याची पद्धत निराळी आणि एकरी उत्पन्नही मुद्दाम कमी ठेवलेले. खाण्याच्या द्राक्षात एकरी दहा टनांची उमेद धरणाऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास माल घेऊन समाधान मानावे लागते. एका बागेचे दुसऱ्या बागेत रूपांतर सरकारी आदेशाने होत नाही. त्याला दोन-तीन वर्षे लागतात आणि मोठे कर्ज लागते.

आणि हे झाले मातीच्या वरचे. मातीच्या खाली काय आहे, हे तर कोणी विचारतच नाही.

आज महाराष्ट्रातील बहुसंख्य नव्या बागांत वेल स्वतःच्या मुळावर उभी नसते. आधी शेतात जंगली जातीचा खुंट लावतात, तो जोमाने वाढला की पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर हव्या त्या जातीची काडी पाचर कलमाने बांधतात. ही विद्या जगाला एका संकटाने शिकविली. १८६० च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नावाची एक सूक्ष्म कीड फ्रान्समध्ये शिरली. ती मुळांतील रस शोषते, आणि युरोपीय वेलीला तिच्याशी झुंजण्याची ताकद नाही. १८६८ मध्ये मोंपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांना उपटलेल्या वेलींच्या मुळांवर ही कीड सापडली. पिढ्यान्‌पिढ्यांचे मळे वाळून गेले. शेवटी उपाय सापडला तो, कीड जिथून आली त्या अमेरिकेच्याच जंगली वेलींत. त्यांची मुळे ही कीड सोसतात. त्या मुळांवर युरोपीय डोळा बांधला, की वेल जगते.

तेव्हा तिकडच्या अभिमानी मळेवाल्यांनी काय म्हटले असेल, याची आपल्या वाचकांना कल्पना करता येईल. रानटी मुळावर आमची कुलीन वेल? आमच्या वाइनला जंगली वास येईल! बरगंडीसारख्या प्रदेशात अमेरिकन खुंटांवर काही वर्षे बंदीच होती. पण प्रत्यक्षात खुंटाचा वास फळात उतरला नाही. ज्या रोमाने-कोंती मळ्याची वाइन जगात अत्यंत महाग समजली जाते, त्या मळ्यानेही १९४५ च्या हंगामानंतर जुन्या वेली उपटून कलमी वेली लावल्या, आणि त्याची कीर्ती ओसरली नाही.

मग खुंट चवीला काहीच करीत नाही काय? करतो, पण आपला वास देऊन नव्हे, तर वेलीला पाणी, क्षार आणि जोम किती पुरवावा हे ठरवून. हे आपल्या जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू.

१९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहाता भागाचे रूप पालटले. ऊस आला, १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याच पाण्याने काही काळी जमीन क्षारपड व चोपणही केली. उलट पारनेर, श्रीगोंद्याच्या माळांवर पाण्याचीच वानवा. अशा क्षाराच्या आणि अवर्षणाच्या प्रदेशात द्राक्षाचे स्वतःचे मूळ हार खाते. म्हणून १९९० च्या दशकापासून महाराष्ट्रात डॉगरिज नावाचा खुंट पसरला. तो अमेरिकेतील टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला आहे. तो क्षार सोसतो, पाण्याचा ताण सोसतो आणि वेलीला दांडगा जोम देतो. त्याने महाराष्ट्राच्या कितीतरी बागा वाचविल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण खाण्याच्या द्राक्षाला जे वरदान, ते वाइनला अनेकदा शाप ठरते. दांडग्या जोमाने पानोरा दाट होतो, घड सावलीत राहतात. सावलीत पिकलेल्या कॅबरनेला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा कच्चा वास येतो. शिवाय या वंशाचे खुंट जमिनीतून पालाश अधिक ओढतात. तो पालाश रसातील टार्टारिक आम्लाशी बांधला जातो, त्याचे खडे तळाशी बसतात, रसाचा आंबटपणा मावळतो. अशी वाइन पेल्यात विटकरी दिसते, जिभेवर सपक लागते आणि बाटलीत फार दिवस टिकत नाही. म्हणून जाणते बागाईतदार वाइनच्या जातींसाठी ११०-आर किंवा ११०३ पॉलसन यांसारख्या निराळ्या खुंटांचा विचार करतात.

आता चव घेण्याविषयी दोन शब्द, कारण आपल्यापैकी काहींना हा शब्दच चैनीचा वाटतो. चाखणे म्हणजे पिणे नव्हे. चाखणारा पेला पांढऱ्या कागदापुढे धरून रंग पाहतो, हलवून वास घेतो, एक घोट जिभेवर फिरवितो आणि बहुधा थुंकून टाकतो. तो शोधीत असतो ते असे: आंबटपणा जिवंत आहे काय? तुरटपणा पिकलेल्या सालीचा आहे की कच्च्या बियांचा? वास फळाचा आहे की पाल्याचा? ही नशा नव्हे, परीक्षा आहे. धान्याचा दाणा दाताखाली फोडून ओल पाहणाऱ्या शेतकऱ्याचीच ही विद्या आहे. पण ही परीक्षा बाटलीवरच्या जातीच्या नावाशी थांबते, खुंटापर्यंत, मातीपर्यंत, छाटणी करणाऱ्या हातापर्यंत जात नाही, हा आमचा दुसरा आक्षेप आहे.

‘परक्यांची’ या आरोपालाही उत्तर येथेच मिळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला मधु म्हटले आहे, आणि त्याची ओळख त्याच्या देशावरून सांगितली आहे. तेव्हा द्राक्षमद्य या भूमीला कालपरवा ठाऊक झाले असे नव्हे. आजची आपली वेल पाहा: वरची काडी युरोपची, मूळ टेक्सासचे, माती दख्खनच्या काळ्या खडकाची आणि घाम नगरच्या मजुराचा. हिला परकी म्हणायचे, तर आपल्या ताटातली मिरची, बटाटा आणि टोमॅटोही उचलून ठेवावे लागतील. कलम म्हणजे लबाडी नव्हे. पौलाने रोमकरांस लिहिताना कलमाचा दाखला दिला, तो फांदीने मुळावर तोरा मिरवू नये यासाठी. हा इशारा तिकडच्या मळेवाल्यांना लागू होता, तसा आपल्यालाही आहे.

मग करायचे काय? २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले, करांत सवलती मिळाल्या. त्या भरात अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत खरेदी आटली, पैसे थकले आणि कित्येकांनी त्याच बागा स्वतःच्या हाताने उपटल्या. त्या वेळी सुपरमार्केटचे कपाट नव्हते म्हणून ते बुडाले नाहीत. करार कच्चा होता, मालाचा दर्जा कोण ठरविणार हे अस्पष्ट होते, आणि जोखीम एकट्या बागाईतदाराच्या शिरावर होती. सरकारला शेतकऱ्याचे हित हवे असेल, तर त्याने विक्रीच्या कपाटाआधी या तीन गोष्टी दुरुस्त कराव्यात. आणि आपल्यातील जे कुणी उद्या असा करार करतील, त्यांनी सहीपूर्वी विचारावे: माझ्या जमिनीला खुंट कोणता? त्याची रोपे कोण देणार? माल नाकारला तर तो कोणत्या कसोटीवर? पैसे किती दिवसांत?

आपल्या वेदीपाशीही हाच नियम आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ वे कलम सांगते, की मिस्साबलिदानासाठीचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षफळाचाच व न बिघडलेला असावा. १५ जून २०१७ च्या पत्रात व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने धर्मप्रांतांच्या महागुरुस्वामींना आठवण दिली, की भाकर व द्राक्षारस आता सुपरमार्केटमध्येही मिळू लागले आहेत, तरी त्यांच्या शुद्धतेची खातरजमा करणे ही आपली जबाबदारी आहे. आमचा जिल्हा १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहे. म्हणजे देशातील सर्वाधिक वाइन जिथे होते, त्याच प्रदेशात. असे असता आपल्या चषकातील रस कोणत्या बागेचा, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय?

काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला आणि उत्तम म्हणून वाखाणला. पण तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते त्यांना ते ठाऊक होते, असे योहान मुद्दाम नमूद करतो. राहाता-संगमनेरपासून श्रीगोंद्यापर्यंतच्या बागांत खरड छाटणीला, विरळणीला, घड बुडवायला जाणारे हात पुष्कळदा आपल्याच धर्मग्रामांतले असतात. त्यांना ठाऊक आहे कोणत्या ओळीचा खुंट कोणता आणि कोणत्या वेलीचे फळ खरे. मंत्रिमंडळाने त्यांना विचारले नाही, आंदोलकांनीही विचारले नाही. येत्या एप्रिलच्या छाटणीआधी आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक बैठक घ्या, बागाईतदार आणि मजूर दोघांनाही बोलवा, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मजुरांना बोलू द्या.