एआय अर्ज लिहून देतं. विम्याचा नियम मात्र तपासूनच घ्या

नांदेड/लातूर : तहसीलला अर्ज द्यायचा म्हटलं की मुखेड काय, अहमदपूर काय, आधी लिहून देणारा माणूस शोधावा लागतो. आता हे काम मोबाईलवर होतंय. जेमिनी किंवा चॅटजीपीटीला मराठीत बोलून सांगायचं, 'अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं, पंचनाम्यासाठी तहसीलदारांना अर्ज लिहून दे', की मिनिटभरात मजकूर तयार. गट नंबर आणि क्षेत्र तेवढं सातबारा बघून स्वतः भरावं.

खरी गोची नियमांची आहे. १ रुपयातला पीक विमा खरीप २०२३ मध्ये आला आणि खरीप २०२५ पासून बंद झाला. त्या हंगामापासून सोयाबीनला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, कापसाला ५ टक्के हप्ता आला. एआयनं जुन्या माहितीवरून '१ रुपया' सांगितला आणि त्या भरवशावर मुदत हुकली, तर नुकसान शेतकऱ्याचंच. ॲप काही जबाबदारी घेत नाही.

पीएम किसानच्या हप्त्यासाठी केंद्राचं 'किसान ई-मित्र' २०२३ पासून आहे, त्यात मराठीत विचारता येतं. पीक सल्ल्यासाठी राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप आहे. जून २०२५ मध्ये राज्यानं शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरणही मंजूर केलं.

सुरुवात अर्जापासून करावी. आधार, पासबुकाचा फोटो, ओटीपी कुठल्याच ॲपला सांगू नये. व्हॉट्सॲपवर आलेली 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल उघडूच नये. औषधाचं प्रमाण आणि विम्याची तारीख मात्र कृषी सहायकाला विचारूनच पक्की करावी.