लक्ष कोणी ठेवायचे?



दहा महिन्यांचे, वर्षाचे, दीड वर्षाचे मूल न्हाणीतल्या टबात किंवा बादलीत बुडून गेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून येते. चार ओळींच्या त्या बातमीत एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : ‘आई घरकामात व्यस्त असताना’. बाप त्या वेळी कुठे होता, हे कोणी लिहीत नाही. ठाण्यात मर्ग दाखल होतो, शवविच्छेदन होते, कागदोपत्री प्रकरण मिटते.

घरात मात्र ते मिटत नाही. ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ हा प्रश्न सासू विचारते, नवरा विचारतो, सांत्वनाला आलेली शेजारीणही विचारते. पोटचे मूल गेलेल्या बाईला रडायलाही मोकळीक मिळत नाही, आधी जबाब द्यावा लागतो. काही जणींना माहेरी धाडले जाते. लहान मुलाच्या अशा मृत्यूची चौकशी व्हायलाच हवी, मुलगी गेली असेल तर अधिकच काळजीने व्हावी. पण चौकशी वेगळी आणि आरोप वेगळा. आज बहुतेक ठिकाणी चौकशी कोणीच नीट करत नाही आणि आरोप मात्र सगळे करतात.

मूल बुडते कसे, ते आधी समजून घेऊ. बुडायला नदी किंवा विहीर लागते असे आपण धरून चालतो. रांगत्या मुलाला चार बोटे पाणीही पुरते. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीला धरून उभे राहिलेले, पाण्यातल्या पेल्याकडे वाकलेले मूल डोक्याकडूनच आत जाते आणि स्वतःला वर उचलू शकत नाही. ते ओरडत नाही, कारण तोंड पाण्यात असते. भाकरी उलटायला, दारावर आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला लागतो तेवढ्या दोन-चार मिनिटांत सगळे संपते. शेजारच्या खोलीत बसलेल्यालाही काही ऐकू येत नाही. म्हणून ‘मी घरातच होते’ हे त्या बाईचे म्हणणे खरे असते, पण घरात असणे आणि मूल हाताच्या अंतरावर असणे यात मूल दगावण्याएवढा फरक आहे.

हे फक्त गरिबाघरी किंवा खेड्यातच घडते असे नाही. अमेरिकेत १९८० ते ९० च्या दशकांत सुमारे १९ लिटरच्या प्लास्टिक बादल्यांत इतकी बालके बुडाली, की तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला या प्रश्नात लक्ष घालावे लागले आणि अशा बादल्यांवर धोक्याची सूचना छापली जाऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती आणि दहातले नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. मूल सगळीकडे सारखेच वाकते. फरक पडतो तो त्याच्या भोवती किती पाणी उघडे आहे आणि किती हात मोकळे आहेत यामुळे.

आता आपल्या वर्धा जिल्ह्यातले घर पाहा. जिथे नळ रोज येत नाही तिथे पाणी साठवावेच लागते. टाके, ड्रम, बादल्या, टोपली, सगळे भरून ठेवलेले. पाणी भरायचे, तेही बाईनेच. घराबाहेर पडले की बिनकठड्याची विहीर, बांधकामावरचा खड्डा, आता प्लास्टिक अंथरलेले शेततळे, ज्याच्या काठावरून मोठा माणूसही घसरला तर वर येऊ शकत नाही. आणि बाईचा दिवस? पहाटेपासून सडा, पाणी, स्वयंपाक, डबे, आणि मग निंदण किंवा वेचणी. कापसाची वेचणी किलोवर असते. धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीकडे जितक्या वेळा जावे, तितका कापूस कमी भरतो. मुलाकडे पाहण्याची किंमत तिच्या मजुरीतून कापली जाते. झोळीतून उतरण्याएवढे मूल मोठे झाले, की त्याच्यामागे सात-आठ वर्षांची बहीण ठेवली जाते. तिची शाळा बुडते, आणि काही विपरीत घडले तर आयुष्यभराचा दोष तिच्याही माथी येतो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळपास पाच तास, बिनमोल घरकामात जातात असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटे ९७. तेही जे करतात त्यांची! या पाच तासांत चूल, पाणी, धुणे आणि रांगते मूल हे सगळे एकाच वेळी सांभाळणे कोणालाही शक्य नाही. देखरेख हा आईचा उपजत गुण नाही. ते काम आहे. त्याला वेळ लागतो, मोकळे हात लागतात, आळीपाळीने बदली लागते. ज्या कामाला आपण काम म्हणत नाही, त्यातल्या चुकीची शिक्षा मात्र कामगारासारखी देतो.

सरकारने या मुलासाठी काय केले? २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, गावोगाव अंगणवाडी आली. पण अंगणवाडीत बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल, तेही काही तास. त्याहून लहान मुलाला वजन, लस आणि घरी न्यायचा आहार मिळतो, जागा मिळत नाही. म्हणजे बादलीत बुडण्याचे जे वय, नेमके तेच वय योजनेच्या बाहेर. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देण्याची तरतूद होती. आपल्यापैकी किती जणींनी ती कामावर प्रत्यक्ष पाहिली? २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली, पण वेचणीला जाणाऱ्या बाईचे आस्थापन कोणते?

हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये. बांगलादेशात मुले बुडण्याची वेळ पाहिली गेली, तेव्हा ती मुख्यतः सकाळी ९ ते दुपारी १ अशी निघाली, म्हणजे आयांच्या कामाचीच वेळ. मग त्याच वेळेत गावातल्याच एका बाईच्या घरी एक ते पाच वर्षांची मुले सांभाळणारी ‘आंचल’ केंद्रे निघाली. तिथे जाणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक कमी आढळले. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशी ८००० केंद्रे काढण्याचा कार्यक्रम मंजूर केला. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी भागात गावातल्या बायका सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ चालवतात. आणि आपल्याकडे तर १९४५ मध्येच सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमचा विचार सात वर्षांखालच्या मुलांपर्यंत नेला गेला होता. ज्या जिल्ह्यात हा विचार मांडला गेला, तिथल्या मजूर बाईचे मूल आजही धुऱ्यावर आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक ग्रामपंचायतीत, निदान निंदण आणि वेचणीच्या हंगामात, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, आणि ते चालवणाऱ्या बाईला मानधनाचा तुकडा नव्हे, रीतसर मजुरी हवी. विहिरींना कठडे आणि शेततळ्यांना कुंपण हवे. डेंग्यूच्या अळ्या पाहायला आशाताई घरोघरी भांडी तपासतातच. त्याच फेरीत ज्या घरी रांगते मूल आहे तिथले उघडे पाणीही पाहिले जावे, आणि या वाढीव कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा.

पाळणाघर येईपर्यंत थांबता येणार नाही, हेही खरे. आंघोळ झाली की टब आणि बादली रिकामी करून पालथी घालावी. टाक्याला घट्ट झाकण आणि न्हाणीच्या दाराला वर कडी असावी. आंघोळीच्या मध्येच उठावे लागले तर ओले मूल कडेवर घेऊनच उठावे. पाण्यापाशी बाळाला भावंडाच्या भरवशावर सोडू नये. मूल बुडालेले सापडलेच तर त्याला उलटे टांगून, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करावी आणि दुसऱ्या कोणी १०८ ला फोन करावा. या सगळ्या सूचना घरातल्या बापाला, आजोबांना, काकांनाही तेवढ्याच लागू आहेत. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत त्या वाचाल तेव्हा पुरुषांनाही बोलवा.

आणि अशा घरी भेटीला जाल, तेव्हा ‘लक्ष कुठं होतं?’ हे विचारू नका. तिच्याजवळ बसा. दुसरे कोणी विचारले, तर त्यालाच विचारा, की त्या वेळी घरातल्या बाकीच्यांचे लक्ष कुठे होते, आणि आपल्या सगळ्यांचे?