मोडीचें सोनें

दिंडोरीच्या सुशिक्षित घरांत लग्न ठरलें कीं आजीचा डबा उघडतो. त्यांतील वज्रटीक, गोठ, बुगड्या नाशिकच्या सराफ बाजारांत मोडीस जातात. सराफ लाख वजा करतो, कस पाहतो आणि धातूचा भाव देतो. घडणीचें मोल शून्य! त्यास दोष कसला? विकणाऱ्यांनीं धातूच विकला. गंमत पुढेंच आहे. तीच मंडळी मग ‘जुन्या घडणीचें कांहीं आहे काय’ म्हणून पेढ्या धुंडाळतात आणि घडणावळ व तीन टक्के कर भरून नवी वज्रटीक आणतात! आजीची वितळली, तिची नक्कल मिरवते. यास व्यवहार म्हणणाऱ्यांस आमचा सवाल आहे, यांत वांचलें काय?

कर्ज, आजारपण, गारपिटीनें बुडालेली द्राक्षबाग यांपायीं गोठ मोडला तर आमची तक्रार नाहीं, सोनें त्यासाठींच. पण हौसेपायीं? ‘जुन्यावर शुद्धतेचा छाप नाहीं’ ही सबब लंगडी आहे. २०२१ पासूनची ती सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, घरच्या डब्यावर नाहीं.

आम्हींही एकदां आईच्या पाटल्या मोडल्या. त्यांवर नक्षी कोणती होती, तें आतां घरांत कोणासच सांगतां येत नाहीं.